जुगाड म्हणू नका, मॉडिफिकेशन म्हणा

मंडळी, आजचा लेख जरा तिखट होणार आहे. कारण एका शब्दाने डोकं फिरवलंय. तो शब्द म्हणजे 'जुगाड'.

आपल्या आयटीवाल्यांच्या ट्रेनिंगमध्ये एक ठरलेली स्लाईड असते. डाव्या बाजूला काळा धूर ओकणारं जुनं डिझेल इंजिन, उजव्या बाजूला वंदे भारत. डावीकडे लिहिलेलं असतं 'लेगसी', उजवीकडे 'ट्रान्सफॉर्मेशन'. वक्ता मिश्कील हसून सांगतो की बघा, साठ वर्षं आपण हे असलं धूड जुगाड करून करून चालवलं! सगळे हसतात. मग चहा होतो.

ह्या स्लाईडवर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला अगदी साधा. वंदे भारत उत्तम गाडी आहे, पण ती माणसं वाहते. डावीकडच्या धुडाचं काम कोळसा, सिमेंट, धान्य आणि खत ओढायचं होतं. वंदे भारतच्या मागे कोळशाच्या ५८ वाघिणी जोडा आणि मग तुलना करू. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यासाठीच हा लेख. त्या धुडावर जे झालं तो जुगाड नव्हता. ते भारतात झालेल्या सगळ्यात चिवट इंजिनिअरिंगपैकी एक काम होतं, आणि त्याला जुगाड म्हणणं हा अडाणीपणा आहे. हा अडाणीपणा आपल्याला महाग पडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. मराठीत आपण अख्ख्या गाडीपुढच्या यंत्रालाही इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या डिझेल इंजिनालाही इंजिनच म्हणतो. ह्या लेखात अख्खं यंत्र म्हणजे 'लोको' आणि पोटातलं ते 'इंजिन'. आणि हो, डिझेल लोकोत गिअर बदलायचा खटका नसतो. इंजिन फिरवतं जनरेटर, जनरेटर देतो वीज, आणि त्या विजेवर ॲक्सलला जोडलेल्या मोटरी फिरतात. म्हणजे ते स्वतःचं वीजघर सोबत घेऊन फिरणारं विजेवरचंच यंत्र असतं.

आता कथानायक. १९६२ साली अमेरिकेतल्या आल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ जातीचे लोको आले. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, वजन साधारण ११३ टन. १९६४ पासून ते वाराणसीच्या कारखान्यात, म्हणजे डीएलडब्ल्यूत (२०२० पासून त्याचं नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे) तयार व्हायला लागले. पुढच्या तीनेक दशकांत अडीच हजारांवर बनले. पण गंमत बघा, आल्को कंपनीने लोको बनवणं १९६९ सालीच थांबवलं. डिझाइन कॅनडातल्या एमएलडब्ल्यूकडे गेलं, मूळ दुकान मात्र बंद.

आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या लायब्ररीवर तुमची अख्खी सिस्टिम उभी आहे, तिचा मूळ व्हेंडर पाच-सात वर्षांत गायब झाला. बग आला तर विचारायचं कोणाला? अशा वेळी दोनच वाटा असतात. एक, रडत बसायचं आणि नव्या व्हेंडरचं ब्रोशर चाळायचं. दोन, ते यंत्र इतकं समजून घ्यायचं की आपणच त्याचे मालक होऊ. रेल्वेने दुसरी वाट धरली. त्यासाठी लखनौला आरडीएसओ ही संशोधन संस्था होती, तिथे पुढे इंजिन चाचणीचे टेस्ट बेड उभे राहिले. १९८१ साली पटियाला इथे सुटे भाग बनवणारा आणि जुन्या लोकोंना पुन्हा उभं करणारा कारखाना सुरू झाला. २००३ साली त्या कारखान्याच्या नावातच 'मॉडर्नायझेशन' हा शब्द आला.

जुगाडाची व्याख्या काय? माझ्या मते ज्याचा कागद नसतो तो जुगाड. तार बांधली, चाललं, विसरलो. उद्या तेच दुसऱ्याला करायचं तर त्याला पुन्हा शून्यापासून डोकं खाजवावं लागतं. ह्या लोकोंवर झालेल्या बदलांना कागद होता. आरडीएसओ 'मॉडिफिकेशन शीट' काढते. तिला नंबर असतो, तारीख असते, कोणत्या जातीच्या लोकोला लागू ते असतं, जुना भाग कुठला, नवा कुठला, ड्रॉइंग कुठलं, हे सगळं असतं. देशभरातल्या शेड्स ती शीट घेऊन एकेक लोको बदलत जातात. तुमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर शेवटचा बदल कोणी, कधी आणि का केला हे इतक्या नीटपणे सांगता येतं का? खरं सांगा! :-)

आता त्या शीट्समधून काय काय झालं ते बघू, कारण तपशील न बघता कौतुक करणं हेही स्लाईडवाल्यांसारखंच होईल.

सुरुवात ताकदीपासून. २६०० हॉर्सपॉवरचं इंजिन ३१०० चं केलं. सिलिंडर तेच सोळा, व्यास तोच नऊ इंच, स्ट्रोक तोच साडेदहा इंच. (ह्याच कुळातल्या डब्ल्यूडीएम-३डी मध्ये तर ३३०० पर्यंत गेले.) ऐकायला सोपं वाटतं, जास्त डिझेल सोडा की जास्त ताकद. पण डिझेल जाळायला हवा लागते. जुना टर्बोचार्जर तेवढी हवा देऊ शकत नव्हता, म्हणून जास्त कार्यक्षम टर्बो बसवले. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पातळ होते, म्हणून ती थंड करणारा आफ्टरकूलर मोठा केला. तेवढं डिझेल कमी वेळात आणि जास्त दाबाने आत जायला हवं, म्हणून इंजेक्शन पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरचा होता तो १७ मिलिमीटरचा केला. पण तो पंप ढकलतो कोण? कॅमशाफ्ट. तिच्यावरचा भार वाढला, म्हणून जास्त ताठ कॅमशाफ्ट आली. आत उष्णता वाढली म्हणून पिस्टनच्या डोक्यावर पोलादी टोपी आली. एवढी उष्णता शेवटी तेलात आणि पाण्यात उतरते, म्हणून तेल थंड करणारा कूलर सुधारला आणि रेडिएटरही बदलले.

एक दोरा ओढला की अख्खं विणकाम हलतं, ते हे असं. (क्रम मी समजावण्यासाठी लावलाय, प्रत्यक्षात हे सगळं टप्प्याटप्प्याने झालं.) ह्यात कुठे तार बांधलेली दिसली का? प्रत्येक बदलाचा पुढचा परिणाम ओळखून, टेस्ट बेडवर मोजून, मग रुळावर सोडलेलं आहे.

इथे आमच्या रेल्वेप्रेमी दोस्तांनाही दोन शब्द सुनावतो, कारण तेही कमी नाहीत. आल्को काळा धूर सोडत निघाली की ह्यांना गहिवरून येतं. अरे बाबांनो, काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल! ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच आत जातं, पण टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून धूर. वर सांगितलेली बरीचशी मेहनत ही हवा आणि डिझेलाचं गणित जुळवून इंधन वाचवण्यासाठी झाली. तुम्ही ज्याला आल्कोचं सौंदर्य म्हणता ते आमच्या लोकांनी दुरुस्त करायला घेतलेलं दुखणं होतं. एक बाजू यंत्राला हसते, दुसरी त्याची आरती ओवाळते, आणि त्याच्यावर काम करणाऱ्या माणसांकडे दोघांचंही लक्ष नाही.

असो. मालगाडीच्या बाबतीत हॉर्सपॉवर ही तशी फसवी गोष्ट आहे. बातम्यांत तीच छापून येते, कारण आकडा मोठा असतो. माल ओढायचा तर खरा प्रश्न पकडीचा असतो, म्हणजे पोलादी चाक पोलादी रुळाला किती धरतं ह्याचा. गणित करून बघू, कॅल्क्युलेटर काढा.

डब्ल्यूडीजी-३ए हा खास मालगाडीसाठीचा आल्को कुळातला लोको, १९९० च्या दशकात आलेला, ३१०० हॉर्सपॉवरचा. ताशी १० किलोमीटर वेगाला ही ताकद चाकापर्यंत पोचली (१५ टक्के वाटेत गेली असं धरा) तर ओढ भरते जवळजवळ ७२ टन. पण लोकोचं वजन १२३ टन, आणि ह्या जातीच्या लोकोची पकड वजनाच्या तीस-एकतीस टक्के. म्हणजे ३८ टनांच्या आसपास. त्यापुढे चाक जागच्या जागी गरगर फिरणार आणि रूळ खाणार. म्हणजे साधारण ताशी १९ किलोमीटरच्या खाली तुमच्याकडे ३१०० हॉर्सपॉवर आहेत की ५००० ह्याने काही फरक पडत नाही. आणि मालगाडी अडते ती नेमकी तिथेच, चढावर, थांबलेल्या जागेवरून पुन्हा निघताना.

म्हणून मालगाडीचा लोको बनवताना त्याच इंजिनाभोवती काय बदललं ते बघा. एक, दात. डब्ल्यूडीएम-२ मध्ये मोटरच्या पिनियनला १८ आणि ॲक्सलवरच्या गिअरला ६५ दात होते. डब्ल्यूडीजी-३ए मध्ये १८ आणि ७४ केले. कमाल वेग १२० वरून १०० वर आला, पण त्या बदल्यात मोटरचा पीळ चाकापर्यंत पोचताना सुमारे १४ टक्के जास्त वाढतो. मालगाडीला १२० ने धावायचं नव्हतंच, मग तो वेग कशाला सांभाळायचा? ज्याला आपला यूजर कोण हे ठाऊक आहे तोच असा निर्णय घेऊ शकतो.

दोन, बोगी. लोको जोराने ओढतो तेव्हा तो किंचित मागे कलतो, मोटरसायकल झटक्यात सोडली की पुढचं चाक हलकं होतं तसं. पुढच्या ॲक्सलवरचं वजन कमी होतं आणि तेच चाक आधी घसरतं. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत तिन्ही मोटरींची तोंडं एका दिशेला नव्हती, त्यामुळे तिन्ही ॲक्सलवर भार आणखी असमान व्हायचा. मालगाडीच्या नव्या 'हाय ॲडिजन' बोगीत तिन्ही मोटरी एकाच दिशेने बसवल्या, आणि वजन मधल्या पिव्होटवर न देता बाजूच्या रबरी आधारांवर दिलं. ह्यात एकही हॉर्सपॉवर वाढली नाही, पण ओढ वाढली. ह्याची बातमी होत नाही, कारण स्लाईडवर लिहायला ह्यात मोठा आकडा नाही.

तीन, धूळ आणि झीज. जुन्या लोकोत हवेचा फिल्टर तेलाच्या अंघोळीचा होता, आपल्या धुळीत त्याची दमछाक व्हायची. तिथे पिशवीसारखे कोरडे फिल्टर आले. जुन्या डीसी जनरेटरला कम्युटेटर आणि कार्बन ब्रश, म्हणजे घासणं आणि ठिणग्या आल्याच. तिथे अल्टरनेटर आणि सिलिकॉन रेक्टिफायर आले, कम्युटेटर गेला. मोटर ज्या बेअरिंगवर ॲक्सलला टेकते ती साधी, तेलाच्या लोकरीवर जगणारी होती. तेल संपलं की बेअरिंग जळणार, झिजली की गिअरचे दात वाकडे लागणार. तिथे रोलर बेअरिंग आल्या.

ब्रेकची गोष्टही ऐका. जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते, म्हणून लोकोत हवा ओढून काढणारा एक्झॉस्टर लागायचा, आणि लोकोच्या स्वतःच्या कामांसाठी हवा दाबणारा कॉम्प्रेसर. दोन्ही एकाच यंत्रात होते, त्याचं नाव 'एक्सप्रेसर'. मग मालगाड्या एअर ब्रेकवर गेल्या. पण सगळ्या वाघिणी एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून बरीच वर्षं लोकोला दोन्ही ब्रेक जमावे लागायचे. आज मागे व्हॅक्यूमची गाडी, उद्या एअरची. व्हॅक्यूम संपल्यावर मगच एक्झॉस्टरची गरज संपली. चालू ट्रॅफिकमध्ये, एकही दिवस दुकान बंद न ठेवता अख्ख्या देशाचा ब्रेक बदलला राव! आपण डेटाबेस बदलायचा तर शनिवारी रात्री डाउनटाइम मागतो.

आणि माझा सगळ्यात आवडता बदल, एपीयू. डिझेल लोको उभा असला तरी इंजिन चालूच ठेवतात. बाहेरच्याला हा आळस वाटतो. तसं नाहीये. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद, ब्रेकची हवा हळूहळू गळते. बॅटरी चार्ज होत नाही. आणि आडरानात सिग्नलला उभं असताना इंजिन पुन्हा चालू झालं नाही तर मागची सगळी लाइन तुंबते. मग ड्रायव्हर कशाला बंद करेल? पण सोळा सिलिंडरचं इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर तासाला साधारण २५ लिटर डिझेल पितं. उपाय काय केला, तर एक छोटं २५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन बाजूला बसवलं. लोको बराच वेळ उभा राहिला की मोठं इंजिन बंद होतं, छोटं चालू होऊन बॅटरी आणि हवा सांभाळतं. खर्च तासाला ३ लिटरच्या आसपास. एखादा लोको दिवसात आठ तास उभा असेल तर ह्या हिशोबाने १७६ लिटर वाचले. एका लोकोचे, एका दिवसाचे. ज्याने हे सुचवलं त्याने ड्रायव्हरला उपदेश केला नाही, त्याची अडचण समजून घेतली.

आता समोरची बाजू. "मग काय, नवीन काही घ्यायचंच नाही का? साठ सालचीच गाणी म्हणत बसायचं?"

मुळीच नाही. १९९९ साली जनरल मोटर्सचे नवे लोको आले, डब्ल्यूडीजी-४. ते हुबळीच्या शेडला गेले. ४००० हॉर्सपॉवर, एसी मोटरी, वजन १२६ टन. आल्कोकुळातल्या डब्ल्यूडीजी-३ए पेक्षा फक्त ३ टन जास्त. पण निघतानाची ओढ ३८ ऐवजी साधारण ५३ टन. म्हणजे पकड ३१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर. कशी? एसी मोटरीचा वेग आणि पीळ कॉम्प्युटर क्षणोक्षणी सांभाळतो, चाकाला घसरण्याच्या अगदी काठावर धरून ठेवतो. हे डीसी मोटरीला त्या पद्धतीने जमत नव्हतं.

ह्याचा अर्थ रुळावर काय होतो? कोळशाच्या ५८ वाघिणी, प्रत्येकी भरलेलं वजन ८१.२८ टन, म्हणजे एकूण ४७०० टनांवर. दीडशेला एक असा साधा चढ असेल तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायलाच ३१ टन ओढ लागते. वर लोकोचं स्वतःचं वजन आणि चाकांचा अवरोध धरला की चाळिशी गाठते. ३८ टनवाला एकटा तिथून निघू शकत नाही, ५३ टनवाला निघतो. तेव्हा नवीन घेणं बरोबरच होतं. माझं म्हणणं इतकंच की ते बरोबर कशामुळे होतं ते बघा. जुन्याची मर्यादा मोजलेली होती, ती कुठल्या भागात आहे हे कळलेलं होतं, आणि त्या रचनेत राहून ती ओलांडता येत नव्हती. 'जुनं झालं' एवढं कारण पुरत नाही.

आणि नवा लोको तरी जसाच्या तसा राहिला का? छे! ४००० चा ४५०० झाला. इन्व्हर्टरमधले जुने जीटीओ जाऊन आयजीबीटी आले. लोकोला एकच केबिन होती, त्यामुळे उलटा चालवताना ड्रायव्हरला लांबलचक बॉनेटच्या कडेने मान काढून सिग्नल शोधावा लागायचा. पुढे वाराणसीने दोन्ही टोकांना केबिन असलेला डब्ल्यूडीजी-४डी काढला. ज्यांनी आल्कोवर हात साफ केला होता त्याच व्यवस्थेने हे केलं. म्हणजे जुन्यावरची मेहनत वाया गेली नाही, ती नव्याच्या कामाला आली. ही गोष्ट आपल्या 'सगळं पाडून नवं बांधू' टोळीला कधीच कळत नाही.

एक गंमत सांगतो. अमेरिकेत हेच काम चालतं तेव्हा त्याला काय म्हणतात? नॉर्फोक सदर्न ह्या रेल्वेने आपल्या जुन्या जीई लोकोंच्या डीसी मोटरी काढून एसी बसवल्या, कंट्रोल बदलले, केबिन बदलली. २०२२ साली युनियन पॅसिफिकने वॅबटेक कंपनीला ६०० जुने लोको नव्याने घडवायची ऑर्डर दिली, किंमत १०० कोटी डॉलरहून जास्त. कंपनीचा दावा की इंधनात १८ टक्क्यांपर्यंत बचत होते. तिथे ह्याला 'मॉडर्नायझेशन' म्हणतात आणि गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगतात. पटियालात आणि लखनौत तीच गोष्ट झाली की आपण म्हणतो जुगाड, आणि वर खिदळतो. ही गुलामी नाही तर काय आहे?

तुम्ही म्हणाल, आता ह्याचं काय? डिझेल तर चाललंच आहे. खरंय. २०२५ पर्यंत ब्रॉडगेजचं ९८ टक्क्यांच्या वर विद्युतीकरण झालंय. आपली कोकण रेल्वे २०२२ मध्येच पूर्ण विजेवर गेली. पुण्याच्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्येही आता इलेक्ट्रिक लोको सांभाळतात. विजेवर जाणं योग्यच आहे, त्यावर माझा वाद नाही. पण भंगार म्हणून हिणवलेल्या लोकोंचं काय होतंय तेही बघा. २०२० च्या जुलैत भारताने बांगलादेशाला १० वापरलेले डब्ल्यूडीएम-३डी दिले, २०२३ च्या मे महिन्यात आणखी २० ब्रॉडगेज लोको दिले. ते शोभेला नेलेले नाहीत. आणि २०१८ साली वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन, कल्पनेपासून लोको बाहेर येईपर्यंत ६९ दिवसांत, १०,००० हॉर्सपॉवरचा जोडलोको बनवला, विजेवर चालणारा! ती वाट फार पुढे गेली नाही, पण जुन्या सांगाड्यात अजून किती जीव होता आणि तो ओळखणारी माणसं आपल्याकडे होती, हे त्यातून दिसलं.

मला भीती आहे ती ह्या माणसांची. लोको निवृत्त होतो तेव्हा लोखंड विकलं जातं, त्याचे पैसे येतात. पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर नीट पेटत नाही हे सांगणारा फिटर निवृत्त होतो तेव्हा काय उरतं? शीट्स उरतात, पण शीटवर 'काय करा' ते असतं. 'का' आणि 'करताना कुठे फसाल' हे हातात असतं. आज इलेक्ट्रिक लोकोंनाही अशीच तीस-पस्तीस वर्षं काढायची आहेत. त्यांनाही धूळ, पाऊस, उष्णता आणि आपल्याच घाटांतले चढ आहेत. त्यांनाही मॉडिफिकेशन शीट्स लागणार. ती संस्कृती जुगाड म्हणून हसण्यावारी नेली तर पुढच्या वेळी दर बारीक दुखण्याला कंपनीच्या दारात उभं राहावं लागेल, आणि बिल डॉलरमध्ये येईल.

आपल्या धंद्यात तर हे रोज घडतं. मी पूर्वी जिथे होतो तिथे एक जुनी बिलिंग सिस्टिम 'लेगसी' म्हणून मोडीत काढली. सांभाळणाऱ्या तिघांना कधी धड अप्रेझल मिळालं नव्हतं, कारण ते 'नुसतं मेंटेनन्स' करायचे. नव्या सिस्टिमचं लाँच दणक्यात झालं, केक कापला. पहिल्याच मार्चअखेरीला ग्राहकांना दुप्पट बिलं गेली. जुन्या कोडमध्ये त्यासाठी चार ओळींची एक तपासणी होती, कित्येक वर्षांपूर्वीच्या अशाच एका मार्चनंतर घातलेली. ती कुणी वाचलीच नव्हती, कारण जुना कोड वाचणं हे हलकं काम. ज्यांना ठाऊक होतं ते तिघं तोवर नोकरी सोडून गेले होते. त्या चार ओळी म्हणजे त्या सिस्टिमची मॉडिफिकेशन शीट होती.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी ती स्लाईड दाखवली तर हसू नका. हात वर करा आणि तीन प्रश्न विचारा. जुन्याची नेमकी कुठली मर्यादा आली आणि ती कोणी मोजली? आजवर जुन्यात जे जे दुरुस्त झालं त्याची यादी कुठे आहे? आणि ज्यांनी ते दुरुस्त केलं त्यांना ह्या खोलीत बोलावलंय का? तिन्हींची उत्तरं असतील तर खुशाल नवं बांधा, मी स्वतः वीट उचलायला येतो. नसतील तर वक्त्याला सांगा की साहेब, डाव्या बाजूच्या त्या चित्रात तुमच्या अख्ख्या ट्रान्सफॉर्मेशनपेक्षा जास्त इंजिनिअरिंग आहे.

आणि तुमच्या टीममध्ये कुणी 'नुसतं मेंटेनन्स' करत असेल तर सोमवारी त्याला चहाला घेऊन जा. चहाचे पैसे तुम्ही द्या, आणि त्याच्याकडून चार ओळी समजून घ्या.